अनुदानाचे अरण्य : ब्रिटनने पैसे मोजून उगवलेल्या जंगलांचा इतिहास

१/ १५ मार्च १९८८. ब्रिटनचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी अर्थसंकल्पीय भाषणात जंगललागवडीला मिळणारी एक करसवलत रद्द केली. घोषणा लंडनमध्ये झाली, परिणाम मात्र स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरील दलदलीत उमटला. तेथे चर काढीत फिरणारे नांगर थांबू लागले. करसवलत आणि नांगर यांचा हा संबंध समजून घेण्यासाठी सव्वादोनशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

२/ झाड लावणारा आणि ते तोडून विकणारा ही बहुधा दोन वेगवेगळ्या पिढ्यांची माणसे असतात. ओक जहाजबांधणीच्या योग्यतेचा होण्यास शंभर वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ लागे. लावणाऱ्याच्या पदरी केवळ खर्च येई. १७५८ पासून लंडनची सोसायटी ऑफ आर्ट्स वृक्षलागवड करणाऱ्या जमीनदारांना पदके देऊ लागली. पदकाने मान मिळे. खर्च भरून निघत नसे.

३/ नौदलाला ओक अपुरा पडू लागला, तेव्हा साम्राज्याने इतरत्र हात घातला. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानातून ब्रिटिश नौदलासाठी युद्धनौका बांधल्या. त्यांपैकी १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे.

४/ हे सागवान संपू नये म्हणून वसाहतीत वनखाते आधी उभे राहिले. दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. १८६४ मध्ये डिट्रिख ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचे वनखाते स्थापन झाले. खुद्द ब्रिटनला अशी यंत्रणा उभारण्यास आणखी ५५ वर्षे लागली.

५/ दोन्हीकडचे मार्गही भिन्न होते. हिंदुस्थानात १८७८ च्या वनकायद्याने सरकारने रानांवर ताबा मिळवला आणि लोकांचे परंपरागत हक्क आकुंचित केले. वनखात्याने गायराने गिळल्याची तक्रार जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये नोंदवली आहे. ब्रिटनमध्ये मात्र जमीन जमीनदारांची होती आणि संसदेत त्यांचे वजन होते. तेथे हुकूम चालणार नव्हता. मन वळवावे लागणार होते, आणि तेही पैसे देऊन.

६/ ती वेळ पहिल्या महायुद्धाने आणली. ब्रिटनच्या भूमीपैकी जेमतेम ५ टक्के भाग वनाच्छादित उरला होता आणि ९० टक्क्यांहून अधिक लाकूड परदेशातून येत होते. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे बुडवू लागल्या. खाणीच्या बोगद्यांना लाकडी टेकू नसतील तर कोळसा निघत नाही, आणि कोळशावाचून आगगाड्या, कारखाने व आरमार सारेच ठप्प होते. देशातील जुनी राने तोडण्यासाठी कॅनडाहून लाकूडतोड्यांची खास पलटण आणावी लागली.

७/ १९१६ मध्ये फ्रान्सिस अ‍ॅकलंड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. आणीबाणीत देशाला तीन वर्षे परकीय लाकडावाचून तगता यावे, असे उद्दिष्ट तिने समोर ठेवले. त्यासाठी ८० वर्षांत १७ लाख ७० हजार एकर नवी लागवड सुचवली. जंगल म्हणजे युद्धसामग्रीचा साठा, हा विचार येथे धोरण बनला.

८/ १९१९ च्या कायद्याने फॉरेस्ट्री कमिशन अस्तित्वात आले. ८ डिसेंबर १९१९ रोजी डेव्हन परगण्यातील एग्सफर्ड येथे त्याची पहिली झाडे लागली. स्वतः जमीन घेऊन लागवड करणे हे कमिशनचे एक काम. खासगी मालकांना लागवडीसाठी अनुदान व कर्ज देणे हे दुसरे. अवघ्या तीन वर्षांत खर्चकपातीसाठी नेमलेल्या गेडिस समितीने सरकारी वनीकरण बंद करण्याची शिफारस केली. कमिशन त्यातून कसेबसे वाचले.

९/ दुसऱ्या महायुद्धात पुन्हा कुऱ्हाड चालली. १९४३ मध्ये कमिशनने ५० वर्षांत ५० लाख एकर उत्पादक वन उभारण्याचा आराखडा मांडला. १९४७ च्या कायद्याने खासगी मालकांपुढे एक करार ठेवला : जमीन कायमची वनासाठी ‘समर्पित’ करावी, संमत आराखड्यानुसार तिची निगा राखावी आणि मोबदल्यात शासनाचे अनुदान घ्यावे. एका पर्यायात निव्वळ खर्चाचा चौथा हिस्सा सरकार उचलत असे. हा करार पुढील वारसांनाही बांधून ठेवी.

१०/ या करारातील महत्त्वाची गोष्ट अशी की अनुदान केवळ रोप लावण्यासाठी नव्हते. विरळणी, कुंपण, राखण या दीर्घकाळच्या कामांचीही त्यात दखल होती. रोप एका दिवसात लागते, जंगल सांभाळण्यात मात्र आयुष्य जाते, याची ही सरकारी कबुली होती.

११/ अणुयुगात मूळ कारण नाहीसे झाले. अणुयुद्ध तीन वर्षे लाकूड पुरवीत बसण्याइतके लांबणार नव्हते. १९५७ च्या झुकरमन अहवालानंतर युद्धसाठ्याचे उद्दिष्ट बाजूला पडले. १९७२ मध्ये सरकारच्याच लाभ-व्यय अभ्यासाने वनीकरणाचा आर्थिक परतावा तुटपुंजा असल्याचे दाखवले. तरीही ग्रामीण रोजगार आणि देशी लाकूड ही कारणे पुढे आली आणि पैशाचा ओघ चालू राहिला.

१२/ या ओघाची सर्वांत खोल धार करव्यवस्थेतून वाहत होती. १९८० च्या दशकात वरच्या उत्पन्नावर ६० टक्के प्राप्तिकर होता. लागवडीचा खर्च इतर उत्पन्नातून वजा करता येई. म्हणजे १०० पौंड खर्चिले की ६० पौंड कर वाचे. त्यावर अनुदान वेगळे. झाडे वाढल्यावर वन दुसऱ्याच्या नावे केले की नव्या मालकाला नाममात्र मूल्यावर कर बसे आणि लाकडाची विक्री जवळजवळ करमुक्त होई.

१३/ त्यामुळे जंगल पाहिलेही नसलेले श्रीमंत शहरी लोक वनमालक बनू लागले. त्यांच्यासाठी स्वस्तात स्वस्त जमीन हवी होती. ती सापडली स्कॉटलंडच्या केथनेस आणि सदरलंड भागांत, ‘फ्लो कंट्री’त. सुमारे ४,००० चौरस किलोमीटरची ही ओलसर, वृक्षहीन भूमी सरकारी हिशेबात पडीक होती.

१४/ वास्तवात ती पीटची भूमी होती. पीट म्हणजे पाणथळ जागी पूर्ण न कुजता, थरावर थर साचलेले शेवाळ व इतर वनस्पती. येथे हे थर जवळपास १०,००० वर्षे साचत आले असून त्यांत प्रचंड कार्बन बंदिस्त आहे. गोल्डन प्लव्हर, डनलिन, ग्रीनशँक हे पक्षी याच उघड्या माळावर घरटी करतात. तेथे चर काढून पाणी उपसण्यात आले आणि उत्तर अमेरिकेतून आलेल्या सिट्का स्प्रूस व लॉजपोल पाइन या वृक्षांच्या सरळ रांगा उभ्या राहिल्या.

१५/ १९८७ मध्ये शासनाच्याच निसर्गसंरक्षण परिषदेने या लागवडीविरुद्ध ‘बर्ड्स, बॉग्ज अँड फॉरेस्ट्री’ हा अहवाल प्रसिद्ध केला. एक सरकारी हात झाडांसाठी पैसे देत होता आणि दुसरा तीच झाडे थांबवा म्हणत होता. पुढच्याच वर्षी लॉसन यांनी करसवलत संपवली. तिच्या जागी वाढीव थेट अनुदानाची योजना आली. करसवलत हिशेबवहीत दडून राही. अनुदानाचा अर्ज तपासता येतो आणि नाकारताही येतो.

१६/ मग उलटा प्रवास सुरू झाला. १९९५ मध्ये रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स या संस्थेने फोर्सिनार्ड येथील भूमी विकत घेतली. पुढील वर्षांत झाडे पाडण्यात आली, चर बुजवले गेले आणि पाणी पुन्हा साचू देण्यात आले. या कामाला युरोपीय संघाचाही निधी मिळाला. लावण्यासाठी जनतेचा पैसा आणि उपटण्यासाठीही जनतेचाच! जुलै २०२४ मध्ये फ्लो कंट्रीला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

१७/ आज ब्रिटनचे वनाच्छादन सुमारे १३ टक्के आहे. अनुदान नसते तर ते शक्य झाले नसते, हेही तितकेच खरे. ५० सेंटिमीटरहून खोल पीटवर नवे वन लावू नये, असा दंडक आता तेथील वननियमांत आहे. इंग्लंडमध्ये २०२१ पासूनच्या योजनेत निसर्गसंवर्धन, पूरनियंत्रण आणि लोकांना फिरण्यासाठी खुली वाट यांसाठीही जादा रक्कम मिळते.

१८/ खाणीच्या टेकूंसाठी पैसे मिळाले तेव्हा टेकूंची वने उगवली. कर वाचवण्यासाठी मिळाले तेव्हा कर वाचवणारी वने उगवली. सरकार ज्या गोष्टीचे दाम मोजते तेच रानात रुजते, आणि चूक उमगेपर्यंत झाडांची उंची माणसाच्या डोक्यावर गेलेली असते. कोणत्याही देशात लावलेल्या झाडांचे आकडे जाहीर होतात, तेव्हा त्या जमिनीवर आधी काय होते, हा प्रश्न म्हणूनच प्रथम विचारायचा असतो.

(समाप्त)