बेथेलचे कागद

जालन्याजवळच्या बेथेलची हकीकत जुळवायची तर पहिला धागा मुंबईच्या सुप्रीम कोर्टाच्या निवाड्यांत सापडतो. साल १८४३. प्रतिवादी स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट. वाद त्यांच्या घरी राहिलेल्या श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचा. त्याचा थोरला भाऊ नारायण त्याच वर्षी ख्रिस्ती झाला होता. न्यायाधीश सर एर्स्किन पेरी यांनी श्रीपतला वडिलांच्या स्वाधीन केले आणि त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी कंबर कसली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हे प्रकरण इथेच संपते.

नारायणाचा माग मात्र पुढे मराठवाड्यात निघतो. फ्री चर्चचे हे रेव्हरंड १८६०च्या दशकात जालन्याला आले. इथे १८२७पासून छावणी होती, पण मुलूख निजामाचा. सर सालारजंग दिवाण होते. जमीन मिळायची ती त्यांच्याच शब्दाने. त्यांनी दिलेल्या जमिनीवर नारायणरावांनी गाव वसवले आणि नाव ठेवले बेथेल, म्हणजे देवाचे घर. बायबलात याकोब उघड्या रानात धोंडा उशाला घेऊन निजतो आणि सकाळी त्याच जागेला हे नाव देतो. गावकुसाबाहेर जन्म गेलेल्या आणि इथे येऊन राहिलेल्या मांग-महार कुटुंबांसाठी याहून समर्पक नाव मला सुचत नाही. जवळचे का होईना, ते स्थलांतरच होते. परदेशात उतरलेले लोक आधी देऊळ किंवा चर्च बांधतात, तसेच इथे चर्च आणि शाळा उभी राहिली.

१८७३च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची परिषद भरली, तिथे नारायणराव बोलले. पुढल्या वर्षी त्या परिषदेचा जाडजूड ग्रंथ निघाला; त्यात त्यांचे नाव आहे. १८९१ मध्ये ते वारले.

चर्चचे दगड वाहणाऱ्यांची, शाळेच्या पहिल्या बाकावर बसलेल्यांची नावे अशा ग्रंथात येत नाहीत. ती येतात बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्यांत. म्हणूनच जतन म्हटले की आपण लगेच रंगसफेदीकडे वळतो, याचे मला वाईट वाटते. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. तिथे चुनाच हवा. पण भिंतीच्याही आधी वही. १९८१ पर्यंत जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते, त्याआधी हैदराबाद संस्थानात. मिशनची कागदपत्रे एडिंबरोच्या नॅशनल लायब्ररीत. इतक्या ठिकाणी पांगलेल्या इतिहासात गावाने स्वतः लिहिलेला कागद एवढाच. पावसाळ्यापूर्वी कपाट उघडावे, पाने एकेक करून उलटावीत, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावेत, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवून प्रत्येक नाव मोठ्याने वाचावे.