खाज आणि हिस्टामिनरोधक औषधे : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
खाज हे अनेक त्वचाविकारांचे सर्वांत त्रासदायक लक्षण होय. या लक्षणावर विसाव्या शतकाच्या मध्यापासून हिस्टामिनरोधक औषधे सर्रास दिली जाऊ लागली. ती खाज कितपत शमवितात, या प्रश्नाचे उत्तर कालपरत्वे कसे बदलत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

औषधांचा उदय :
हिस्टामिनचे संश्लेषण १९०७ मध्ये झाले. त्याचे शरीरावरील परिणाम हेन्री डेल व लेडलॉ यांनी १९१० मध्ये नोंदविले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनिएल बोव्हे व अॅन-मारी स्टॉब यांनी १९३७ मध्ये पहिले हिस्टामिनरोधक द्रव्य शोधले. मात्र ते मानवी उपयोगासाठी फार विषारी होते. फेनबेंझामिन १९४२ मध्ये रुग्णांना दिले गेले, तर डायफेनहायड्रामिनला अमेरिकेत १९४६ मध्ये मान्यता मिळाली. बोव्हे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक लाभले.

तुलनेतील अडचण :
ही जुनी औषधे मेंदूपर्यंत पोहोचून गुंगी आणतात. त्यामुळे रुग्णाला मिळालेला आराम हिस्टामिन रोखल्याचा की झोपेचा, हे ठरविणे कठीण होते. गुंगी न आणणारी टर्फेनाडिन व अॅस्टेमिझोल ही औषधे आल्यावर हा भेद तपासता आला. क्राउझ व शुस्टर यांच्या १९८३ च्या ब्रिटिश अभ्यासात आनुवंशिक प्रवृत्तीच्या इसबाची खाज या नव्या औषधांनी कमी झाली नाही. गुंगी आणणाऱ्या औषधांनी मात्र झाली. याउलट, अंगावर पित्त उठण्याच्या विकारात हिस्टामिन हेच प्रमुख कारण असल्याने नवी औषधे उपयुक्त ठरली. पुढे हृदयाच्या ठोक्यांवरील घातक परिणामांमुळे टर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून १९९८ मध्ये मागे घेण्यात आले. त्याचेच शरीरात रूपांतर होऊन बनणारे फेक्सोफेनाडिन त्याच्या जागी आले.

सर्व खाज हिस्टामिनजन्य नसते, याचा पुरावा आपल्याकडील खाजकुयलीच्या कुसांतही आहे. त्यांतील म्युक्युनेन या प्रथिनभंजक विकराची ओळख १९५५ मध्ये पटली. तो वेगळ्या ग्राहकांना उद्दीपित करतो, असे २००८ मध्ये दाखविण्यात आले.

निष्कर्ष :
‘कोणते औषध अधिक प्रभावी?’ हा प्रश्न ‘कोणत्या खाजेवर?’ हे विचारल्याशिवाय अपुरा राहतो. पित्ताच्या गांधींसाठी गुंगी न आणणारी औषधे आज प्रथम पसंतीची आहेत. इसबाच्या रुग्णाला मात्र केवळ गुंगी देणे म्हणजे खाजेचे मूळ कारण तसेच ठेवून तिची जाणीव बोथट करणे होय. हा भेद स्पष्ट होण्यास चार दशके लागली, हेच या इतिहासाचे सार आहे.