कात्री, डिंक आणि चार अक्षरं

डीएनए कम्प्युटिंगचा इतिहास वाचायला घेतला की सुरुवात बहुतेक वेळा १९९४ सालापासून होते. लॉस एंजेलिसमधले लिओनार्ड एडलमन, एक परीक्षानळी आणि तिच्यात सुटलेलं गणित. गोष्ट भारीच आहे, आज ती सांगणारच आहे. पण माझ्या मते या इतिहासाचं पहिलं पान त्याच्या सात वर्षं आधी लिहिलं गेलं, तेही कागदावर.

१९८७ साली टॉम हेड या अमेरिकन गणितज्ञाने ‘बुलेटिन ऑफ मॅथेमॅटिकल बायॉलॉजी’मध्ये एक निबंध छापला. त्याआधी काय होतं बघा. १९५०च्या दशकात नोम चॉम्स्की यांनी व्याकरणांची उतरंड मांडली होती. कोणत्या प्रकारच्या नियमांतून कोणत्या प्रकारच्या अक्षरमाळा तयार होऊ शकतात, याचा तो हिशोब. संगणकशास्त्राने तो आपलासा केला. दुसरीकडे जीवशास्त्रज्ञांना डीएनए ठरावीक जागी कापणारी रिस्ट्रिक्शन एन्झाइम सापडली होती. त्या कामासाठी आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना १९७८चं नोबेल मिळालं. हेड यांनी या दोन गोष्टी एकत्र आणल्या.

डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लांबच लांब माळ. इको-आर-वन नावाचं एन्झाइम या माळेत जी-ए-ए-टी-टी-सी अशी खूण शोधतं आणि जी व ए यांच्या मध्ये कापतं. कापलेली टोकं चिकट असतात. लायगेज नावाचं दुसरं एन्झाइम डिंकासारखं ती जोडतं. गंमत अशी, की जोडताना मूळ जोडीदारच मिळेल असं काही नाही.

मराठी उदाहरण घेऊ. ‘नागपूर’ आणि ‘सोलापूरकर’ असे दोन शब्द आहेत. नियम एकच: ‘पूर’ दिसलं की त्याच्या आधी कापायचं आणि शेपट्या बदलायच्या. हातात काय येतं? ‘नागपूरकर’ आणि ‘सोलापूर’. दोन्ही नवे! हेड यांनी या क्रियेला स्प्लायसिंग म्हटलं. इथे चारच शब्दांवर गाडी थांबते. पण एखाद्या माळेत ती खूण दोन ठिकाणी असेल, तर मधला तुकडा दोनदा, तीनदा, कितीही वेळा येऊ शकतो आणि माळा अगणित होतात.

मग हेड यांचा प्रश्न: मोजक्या माळा आणि मोजके कापायचे नियम घेतले, तर त्यातून जन्मणारी ‘भाषा’ कोणत्या पातळीची असेल?

१९९१ मध्ये चुलिक आणि हार्यू यांनी उत्तर सिद्ध केलं आणि ते जरा निराश करणारं होतं. अशी भाषा नेहमी ‘रेग्युलर’, म्हणजे चॉम्स्कींच्या उतरंडीतल्या सर्वांत खालच्या पायरीवरची असते. ‘जितके ए, तितकेच पुढे टी’ एवढी साधी अटसुद्धा तिला पाळता येत नाही, कारण मोजलेलं लक्षात ठेवायला तिच्याकडे जागाच नाही. त्या खालच्या पायरीवरच्याही सगळ्या भाषा तिला जमत नाहीत. एकाच अक्षराच्या फक्त सम लांबीच्या माळा हव्या असतील, तरी नुसती कात्री आणि डिंक पुरत नाही.

या कामात भारतही होता, हे आवर्जून सांगतो. बॅक्टेरियांमध्ये डीएनए बऱ्याचदा गोल कड्यासारखा असतो. अशा कड्यांवरच्या स्प्लायसिंगचा अभ्यास १९९२ मध्ये राणी सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये त्यांनी औपचारिक भाषांवर अनेक वर्षं काम केलं होतं.

आता एडलमन. आरएसए या प्रसिद्ध सांकेतिक पद्धतीतला ‘ए’ म्हणजे हेच. नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांचा प्रयोग आला. सात गावं, काही एकेरी रस्ते. ठरलेल्या गावातून निघून प्रत्येक गाव एकदाच घेत ठरलेल्या गावी पोहोचायचं. प्रत्येक गावाला २० अक्षरांचा डीएनए तुकडा दिला, रस्त्यांनाही तुकडे दिले आणि सगळं नळीत एकत्र केलं. तुकडे आपापसांत जुळले आणि असंख्य मार्ग एकाच वेळी तयार झाले. मग चुकीचे मार्ग टप्प्याटप्प्याने गाळत गेले. या सगळ्याला प्रयोगशाळेत सात दिवस लागले. कागद-पेन्सिल घेऊन आपण ते कोडं काही मिनिटांत सोडवू, पण एवढं प्रचंड समांतर काम रेणू करू शकतात हे जगाने पहिल्यांदा पाहिलं.

लगेच स्वप्नं सुरू झाली: सिलिकॉनचे दिवस भरले वगैरे. त्यावर १९९५ मध्ये युरिस हार्टमानिस यांनी साधा हिशोब मांडला. याच पद्धतीने २०० गावांचं कोडं सोडवायचं, तर लागणाऱ्या डीएनएचं वजन पृथ्वीपेक्षा जास्त भरेल. वेळ वाचला, पण त्याची किंमत वजनात मोजावी लागली.

म्हणजे मर्यादा दोन. एक वजनाची, ती प्रयोगानंतर समजली. दुसरी नियमांच्या ताकदीची, ती भाषेच्या गणिताने प्रयोगाच्या आधीच सांगितली होती. गेओर्गे पाऊन आणि इतरांनी पुढे दाखवलं, की कोणता नियम कधी चालवायचा यावर नियंत्रण ठेवलं, तर स्प्लायसिंगला ट्युरिंग यंत्राइतकी ताकद येते. कागदावर हे पक्कं आहे. पण नळीत अब्जावधी रेणू धावत असताना त्यांना ‘आता तू थांब’ कोण सांगणार? खरी अडचण तिथे आहे.

म्हणून मला हेड यांचा निबंध महत्त्वाचा वाटतो. नवीन तंत्र आलं की आपण आधी विचारतो, ‘किती वेगवान?’ हेड यांनी विचारलं, ‘मुळात याला काय काय जमू शकतं?’ बातमी पहिल्या प्रश्नाची होते, पण दुसऱ्याचं उत्तर जास्त टिकतं. पुढच्या वेळी कुणी नव्या यंत्राचं कौतुक सांगायला आलं, की हा दुसरा प्रश्न त्याला जरूर विचारा.

भेटू पुढच्या भागात.