गिल्बर्ट टेकडीचे खांब

तुर्भ्याच्या डोंगरात काळा पाषाण भरपूर. पण त्याचे उभे खांब दाखवायचे तर विद्यार्थ्यांना अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीपाशी न्यावे. हा बेसाल्ट सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. तप्त शिलारस थिजताना आकसला, पृष्ठभागावर पडलेले तडे आत आत सरकत गेले आणि बहुधा पाच-सहा बाजूंचे खांब तयार झाले. खाणवाल्यांना हे तडे सोयीचेच! खडक तिथेच सुटतो. त्यामुळे आजचा सुमारे ६० मीटरचा सरळसोट कडा निसर्गाइतकाच खाणकामानेही घडवला आहे. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. अमेरिकेतील अशाच खांबांचा ‘डेव्हिल्स टॉवर’ १९०६ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाला. गिल्बर्ट टेकडीला महापालिकेचा वारसा दर्जा मिळाला २००७ मध्ये, भोवतालचा बराच खडक तोडून झाल्यावर.