भूमध्य समुद्राचा ताप, तळवड्यात

आमच्या तळवड्यात ताप म्हटला की आधी डेंग्यू, मग टायफॉईड. त्यामुळे माझ्या दुखण्याचं नाव 'फॅमिलिअल मेडिटेरेनिअन फीव्हर' आहे म्हटल्यावर काकू-मावश्यांचे तीन प्रश्न ठरलेले. हे तिकडचं दुखणं तुला कसं? कुणाकडून आलं? आणि आता बरी आहेस, तर गोळ्या कशाला? फोनवर सांगून दमले, म्हणून इथे इतिहासच लिहून टाकते.

एक ते तीन दिवस ताप, पोटात नाहीतर छातीत भयंकर कळा, मग सगळं आपोआप ओसरतं आणि माणूस ठणठणीत! १९४५ साली न्यूयॉर्कच्या डॉ. शेपर्ड सीगल यांनी असे रुग्ण नोंदवले आणि दुखण्याला नाव दिलं 'बिनाइन', म्हणजे निरुपद्रवी. ते तसं नव्हतं. आतली सूज वर्षानुवर्षं धुमसत राहिली, तर अमायलॉइड हे प्रथिन साचून मूत्रपिंडं निकामी होतात. भूमध्य समुद्राचं नाव १९५८ मध्ये इस्रायलच्या डॉ. हेलर यांनी रूढ केलं, कारण रुग्ण बहुतेक ज्यू, अर्मेनियन, तुर्की, अरब. इतरांना क्वचित होतो, पण होतो.

औषध सापडलं १९७२ मध्ये. डॉ. गोल्डफिंगर यांना दिसलं, की गाऊटवरच्या कोल्चिसीनने हे झटके थांबतात. गंमत म्हणजे पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या आपल्या कळलावीतही कोल्चिसीन असतं. (जहाल विषारी आहे हं, घरगुती प्रयोग नकोत!)

कारण कळायला मात्र १९९७ उजाडलं. दोन गटांनी एकच जनुक शोधलं. त्याच्या प्रथिनाला एकांनी ग्रीक अग्नीवरून 'पायरिन' म्हटलं, दुसऱ्यांनी लॅटिनमधल्या 'आपला समुद्र'वरून 'मॅरेनोस्ट्रिन'. १९९९ मध्ये अशा आजारांना 'ऑटोइन्फ्लमेटरी' हा शब्द मिळाला. म्हणजे कंपनीत आग नसताना भोंगा वाजावा, तशी शरीराची जन्मजात संरक्षणयंत्रणा जंतू नसताना पेटते.

बहुतेक वेळा सदोष जनुकाची एकेक प्रत आई आणि वडील दोघांकडून येते, आणि ते दोघंही निरोगी असतात. तेव्हा माहेर-सासर वाद नको, दोष कुणाचाच नाही.

राहिली गोळी. ती आजच्या तापासाठी नाही, वीस वर्षांनंतरच्या मूत्रपिंडांसाठी आहे. म्हणून बरी असतानाच रोज घ्यायची.