संगणक कक्षाच्या चार पिढ्या

स्मरणिका समितीने शाळेच्या इतिहासावर लेख मागवले, तोवर जुनी इमारत, ग्रंथालय, क्रीडांगण आणि बँडपथक हे विषय वाटले गेले होते. माझ्या वाट्याला संगणक कक्ष आला. गावात दुरुस्तीचं दुकान माझं आहे आणि त्या खोलीतली जवळजवळ प्रत्येक पेटी मी कधी ना कधी उघडलेली आहे, हे त्याचं कारण असावं. कक्षाच्या दाराशी देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर साल १९९६ आणि खाली ‘चार संगणक’ असं कोरलेलं आहे. ते चार संगणक आज कुठे आहेत, असं नवीन शिक्षक विचारतात. त्यांना मी सांगतो, की ते एका दिवसात गेले नाहीत, तुकड्या-तुकड्याने गेले.

आधी थोडं मागे जाऊ. भारतातल्या शाळांमध्ये संगणक शिरला तो १९८४-८५ च्या ‘क्लास’ प्रकल्पातून. निवडक शाळांना बीबीसी मायक्रो यंत्रं मिळाली. त्यांची स्मृती ३२ किलोबाइट होती. आपली शाळा त्या यादीत नव्हती. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तेव्हा आम्ही वर्तमानपत्रातला फोटो कापून विज्ञानाच्या फळ्याशेजारी लावला होता. आमच्यासाठी संगणक म्हणजे तेवढाच.

१९९६ ची यंत्रं मुंबईला नोकरीधंद्याला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी दिली. ४८६ डीएक्स-२, ६६ मेगाहर्ट्झ. ‘डीएक्स-२’ मधल्या दोनचा अर्थ असा, की बोर्डाचा वेग ३३ आणि प्रोसेसर आतल्या आत त्याच्या दुप्पट धावतो. पेटीच्या तोंडावर लाल आकड्यांत ‘६६’ झळकायचं आणि शेजारी टर्बो नावाचं बटण होतं. ते दाबायला मुलांच्या उड्या पडायच्या. खोलीबाहेर चपला, आत सतरंजी, खिडक्यांना पडदे, असा देवघराचा थाट होता.

पाच वर्षांत ही यंत्रं निरुपयोगी झाली. बिघडली नव्हती, पण बाहेरचं जग बदललं होतं. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली, तालुक्याला वर्ग निघाले आणि पालक विचारू लागले, शाळेत विंडोज का शिकवत नाहीत? आठ मेगाबाइट रॅमवर ते शिकवणं शक्य नव्हतं. शाळा समितीच्या बैठकीत ठरत आलं होतं, की चारही संगणक विकून टाकावेत आणि येईल त्या रकमेत भर घालून एक नवा कोरा संगणक घ्यावा. तेव्हाच्या मुख्याध्यापिका बाईंनी एकच प्रश्न विचारला. एका संगणकापुढे चाळीस मुलं बसवायची कशी? चार होते तेव्हा एकेका पडद्यापुढे दहा-दहा बसत. एक झाला तर पुढची तीन मुलं शिकणार, बाकीची मान उंचावून बघणार. आणि पुढची तीन कोण असतील हे बाईंना ठाऊक होतं. ज्यांच्या घरी आधीच फोन आणि टीव्ही होता, ती.

मला बोलावलं गेलं ते या प्रश्नासाठी. पेट्या, पडदे, कळफलक ठेवून फक्त आतला बोर्ड आणि प्रोसेसर बदलता येईल का? येत होतं, पण जरा कटकटीने. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं नवं माप आणलं होतं. नव्या बोर्डांची भोकं आणि वीज जोडणी जुन्या एटी पेटीला बसत नव्हती. सुदैवाने जुन्या मापाचे, पण नव्या सेलेरॉनसाठी ३७० पिनांचं सॉकेट असलेले बोर्ड बाजारात अजून मिळत होते. मी रात्रीच्या एसटीने मुंबईला गेलो आणि लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस फिरून चार बोर्ड आणले. एका यंत्रामागे नव्या संगणकाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका खर्च आला.

मदरबोर्ड एकटा मात्र कधी येत नाही, हे तेव्हा समितीला समजावताना माझी जीभ दुखली. जुनी रॅम ७२ पिनांची, नव्या बोर्डाला १६८ पिनांची लागते. जुन्या हार्डडिस्कमध्ये विंडोज मावून वर काही उरत नाही. कळफलकाचा जाड गोल पाच पिनांचा जोड मात्र चालला. पडदे तर चाललेच, कारण मागचा पंधरा पिनांचा व्हीजीए जोड १९८७ सालापासून कोणी बदलला नव्हता. संगणकाच्या व्यवसायात इतकं सातत्य मी दुसऱ्या कशात पाहिलेलं नाही.

बसवण्याचं काम नववीच्या मुलामुलींनी केलं, रविवारी. एटी पेटीत विजेचे दोन जोड शेजारी-शेजारी येतात आणि उलटे लागले तर बोर्ड जळतो. त्याचा नियम एकच, काळ्या तारा काळ्या तारांना लागून. हा नियम फळ्यावर खडूने लिहिला होता. सॉकेटची दांडी उचलायची, प्रोसेसर कोपऱ्याची खूण बघून अलगद ठेवायचा, जोर लावायचा नाही, दांडी खाली. मग पंखा. मुलांचे हात माझ्यापेक्षा हलके होते. पहिलं यंत्र सुरू झालं तेव्हा एक गंमत झाली. नवा सेलेरॉन ६६७ मेगाहर्ट्झचा, पण पेटीच्या तोंडावर ‘६६’ तसंच. तो आकडा वेग मोजत नसतो, मागच्या जंपरने ठरवलेला असतो. मुलांना वाटलं आपण फसवले गेलो. खरं तर बोर्डाचा वेग ६६ च होता आणि प्रोसेसर आत त्याच्या दहापट. म्हणजे आकडा चुकून बरोबर होता.

दुसरी मोठी वेळ २००७ ची. तोवर मागाहून मिळालेली धरून यंत्रं दहा झाली होती आणि एक कार्यालयात होतं. त्या सुमाराला जगभरातल्या बोर्डांना एकच रोग लागला होता. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या अनेक बोर्डांवरच्या कपॅसिटरमधला द्रव सदोष निघाला. वर्ष-दोन वर्षांत त्यांची टोपी फुगते, तपकिरी चिकटा बाहेर येतो आणि यंत्र मध्येच बंद पडू लागतं. कार्यालयातलं यंत्र असंच गेलं, तेही दहावीचे फॉर्म भरायच्या आठवड्यात. जनरल रजिस्टरवरून दोन महिने खपून उतरवलेली नावं आणि जन्मतारखा त्यातच होत्या, दुसरी प्रत नव्हती. ज्या दुकानदाराकडून बोर्ड घेतला होता त्याने हमी संपल्याचं सांगून हात झटकले.

हार्डडिस्क शाबूत होती. नवा बोर्ड आणून तिला जोडली की काम झालं, असं क्लार्क साहेबांना वाटलं होतं. पण विंडोज एक्सपी ज्या बोर्डावर बसवलेली असते, त्याच बोर्डाच्या डिस्क नियंत्रकाची तिला ओळख असते. बोर्ड बदलला की ती सुरू होताना निळा पडदा दाखवून थांबते. घाबरून डिस्क कोरी करणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करायची गरज नसते. आधी मी ती डिस्क दुकानातल्या यंत्राला दुय्यम म्हणून जोडली, यादीच्या दोन सीडी काढल्या, आणि मगच एक्सपीची दुरुस्ती-स्थापना चालवली. पहाटे यादी छापून निघाली. फॉर्म वेळेत गेले, त्या बॅचमधल्या कोणाला याचा पत्ताही लागला नसेल.

त्याच वर्षी कक्षातलेही बोर्ड बदलले. आता सॉकेट ७७५ चं होतं आणि त्यात मोठा फरक. २००४ पासून इंटेलने पिना प्रोसेसरच्या पोटाखालून काढून बोर्डावर नेल्या. प्रोसेसर पडला तरी वाचतो, पण बोर्डावर साधी बाही अडकली तरी पिना वाकतात. म्हणून या वेळी मुलांनी बाह्या दुमडून काम केलं. जुन्या पेट्या आणि वीजपुरवठेही बदलावे लागले, कारण २४ पिनांचा जोड आणि प्रोसेसरसाठी चार पिनांची वेगळी तार आली होती. पेट्यांबरोबर ते ‘६६’ गेले. नव्या प्रोसेसरचा आकडा १.६ गिगाहर्ट्झ, शेजारच्या सायबर कॅफेतल्या पेंटियम ४ चा ३. पालकांनी कुरकुर केली. पण नव्यात दोन गाभे होते आणि प्रत्येक ठोक्याला काम जास्त होत होतं. गिगाहर्ट्झवर यंत्राची पारख करायचे दिवस तिथे संपले.

२०१४ ला चौथ्या पिढीचे कोअर आय-३ आले, सॉकेट ११५०. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पुढे हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवल्या, तेव्हा मुलांना जो फरक जाणवला तो कुठल्याच प्रोसेसरने जाणवला नव्हता.

आता पाचवी पिढी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि आपले प्रोसेसर तिच्या यादीत नाहीत. यंत्रं पुन्हा एकदा न बिघडता जुनी झाली. मेळाव्याच्या निधीतून काय करावं, यावर समितीत तीच २००१ ची चर्चा झाली. झगमगीत तीन नवे, की सगळे दहा चालू? माझं मत दहाच्या बाजूने पडलं. पेट्या एटीएक्स मापाच्या असल्याने भोकं आजही जुळतात. सहा यंत्रांत बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलायची. जुनी डीडीआर-३ रॅम नव्या बोर्डाला चालत नाही आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भलतेच चढले, म्हणून सहाच. उरलेल्या चारांवर लिनक्स घालायचं, त्यावर मराठी टंकलेखन आणि पायथन उत्तम चालतं. एएम-४ सॉकेटचे बोर्ड घ्यावेत असं मी सुचवलं आहे. २०१७ च्या रायझनपासून तेच सॉकेट इतकी वर्षं टिकलं, त्यामुळे सुटे भाग मिळायला अडचण नाही.

समितीने हे मान्य केलं आहे. काम दिवाळीच्या सुट्टीत, नववीच्याच मुलांकडून करून घ्यायचं आहे. २००१ च्या त्या रविवारी काळ्या तारा जुळवणारी एक मुलगी आज बंगळुरूला चिपच्या चाचणीचं काम करते. दोन दिवस रजा काढून येते म्हणाली आहे. आणखी कोणाला यायचं असेल तर सकाळी नऊला यावं. स्क्रू ड्रायव्हर घरून आणावा, शाळेत दोनच आहेत.