निवडुंग, पतंग आणि शेजाऱ्याचा बांध

शेताच्या कुंपणाला वाढलेला फड्या निवडुंग आपण सर्वांनी पाहिलेला असतो. तो मूळचा इथला नव्हे, अमेरिका खंडातून आलेला आहे, असे वर्गात सांगितले की विद्यार्थ्यांना नवल वाटते. याच कुळातील निवडुंगांनी एके काळी ऑस्ट्रेलियातील दोन राज्ये जेरीस आणली होती. त्यांची सुटका एका पतंगाने केली, असे पुस्तके सांगतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे.

1788 साली इंग्रजांचा पहिला ताफा ऑस्ट्रेलियाला जाताना ब्राझीलमधून निवडुंग घेऊन गेला. त्यावर कोचिनील किडे पोसून सैनिकांच्या कोटांसाठी लाल रंग मिळवावा, असा बेत होता. तो फसला. पुढे एकोणिसाव्या शतकात कुंपणासाठी निवडुंगाच्या आणखी जाती आणल्या गेल्या. त्यांना खाणारे कीटक मात्र मायदेशीच राहिले. निवडुंगाचा फडा तुटून पडला की तो मुळे धरी. पक्षी फळे खाऊन बिया दूरवर टाकीत. 1925 च्या सुमारास क्वीन्सलँड व न्यू साउथ वेल्स या राज्यांतील मिळून सुमारे 6 कोटी एकर जमीन निवडुंगाने व्यापली होती. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग म्हणजे किती, याची कल्पना करावी!

उपाय झाले नाहीत असे नाही. न्यू साउथ वेल्सने 1886 मध्ये कायदा करून जमीनमालकावर निवडुंग काढण्याची सक्ती केली. पण शेजारच्या मोकळ्या जमिनीतून तो परत येई. क्वीन्सलँडने 1901 मध्ये नामी उपायासाठी 5000 पौंडांचे बक्षीस लावले, पुढे ते दुप्पट केले. ते कोणालाच मिळाले नाही. सोमलाची (आर्सेनिकची) विषारी संयुगे फवारली, तर खर्च जमिनीच्या किमतीहून जास्त होई. बिया पसरवतो म्हणून एमू पक्षी मारण्यासाठीही पैसे दिले गेले. रोग दोन राज्यांचा, औषध मात्र ज्याच्या त्याच्या बांधापुरते!

1912 मध्ये क्वीन्सलँडने दोन शास्त्रज्ञांना जगप्रवासाला धाडले. ते भारतातही आले. आपल्याकडे 1795 मध्ये रंगासाठी म्हणून चुकून भलत्याच जातीचा कोचिनील किडा आणला गेला होता. रंग चांगला निघाला नाही, पण किड्याने निवडुंगाची एक जात फस्त केली. तोच किडा भारत-सिलोनकडून ऑस्ट्रेलियात गेला. तेथेही त्याने तीच एक जात संपवली. मुख्य शत्रूला त्याने तोंडही लावले नाही. कीटक खाण्याच्या बाबतीत किती चोखंदळ असतात, हे यावरून कळते.

खरे वळण 1920 मध्ये आले. केंद्र सरकार व दोन्ही राज्ये यांनी मिळून एक निवडुंग मंडळ स्थापन केले. शत्रुकीटक शोधणे आणि ते पिकांना खात नाहीत ना, याची उपाशी ठेवून परीक्षा घेणे हे मंडळाचे काम. जमिनीची व्यवस्था आणि कीटकांचे वाटप हे राज्यांच्या आयोगांचे. 1925 मध्ये अ‍ॅलन डॉड यांच्या प्रयत्नाने अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस या पतंगाची सुमारे 3000 अंडी आली. चाचण्यांनंतर 1926 मध्ये पतंग रानात सोडले गेले. पुढील काही वर्षांत दोनशे कोटींहून अधिक अंडी गावोगाव वाटली गेली. अळ्या फड्यांत शिरून ते आतून पोखरीत. 1932 च्या सुमारास अन्न संपल्याने अळ्या घटल्या आणि निवडुंग पुन्हा फुटला. पण त्यामागून अळ्याही वाढल्या. 1933 पर्यंत बहुतेक जमीन मोकळी झाली. शेतकऱ्यांनी बूनार्गा येथे आपल्या सभागृहाला चक्क या पतंगाचे नाव दिले.

मग पतंग आणला की झाले काय? त्याच क्वीन्सलँडमध्ये 1935 साली उसावरील भुंगेऱ्यांसाठी हवाईहून भेक आणून सोडले. तेथे अशी कसून परीक्षा झाली नाही. भुंगेरे राहिले आणि भेकच संकट बनले. हाच पतंग 1957 मध्ये कॅरिबियन बेटांवर सोडला गेला. 1989 मध्ये तो फ्लोरिडात आढळला, जिथे निवडुंग हा शत्रू नसून मूळ रहिवासी आहे. 2006 मध्ये तो मेक्सिकोच्या बेटांवर पोहोचला, तेव्हा मेक्सिको व अमेरिका यांनी एकत्र येऊन त्याला तिथून हटवले. कीटक तोच, पण त्याचा मित्र व्हायचा की शत्रू, हे माणसांनी ठरवले.

आपल्या दारातही असाच पाहुणा आहे. 1950 च्या दशकात पुण्यात दिसलेले गाजरगवत आज देशभर आहे. 1984 मध्ये त्याच्यासाठी मेक्सिकोहून आणलेले भुंगेरे पावसाळ्यात पाने खातात, पण थंडीत जमिनीत सुप्त राहतात. उरलेले काम आपले. विद्यार्थ्यांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. गवत कुठे आहे आणि ती जागा कोणाची, शेतकऱ्याची, रेल्वेची, की गायरानाची, हे त्यावर नोंदवावे. मात्र गवताला हात लावू देऊ नये. अंगावर खाज व पुरळ उठते. नकाशा पुरा झाला की एकट्याने उपटून का भागत नाही, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.